शेरा

पत्रात स्पष्ट होतं: मानधन नाही,
जाण्यायेण्याचं आपलं आपण बघावं.
तरी गेलो. निवृत्त माणसाला
कुणी सकाळी नऊला बोलावतं, हेच पुष्कळ.

परभणीचं तंत्रनिकेतन, वर्कशॉपची शेड,
दोन टेबलांत साठ सेंटिमीटरची फट.
तिच्यावर एकेक पूल येणार, आइस्क्रीमच्या काड्यांचा,
आणि मी त्याला बादली टांगून
मोडेपर्यंत वजन घालणार.
बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली,
पूल मोडायचं काम पहिल्यांदाच मिळालं.

गुणांचा तक्ता हातात दिला.
मांडणी वीस, सफाई दहा, सादरीकरण वीस,
पेललेला भार पन्नास.
शेवटी 'शेरा'. बोटभर जागा.

पहिला पूल देखणा. कठड्याला इवले दिवे,
खाली नदी म्हणून निळा कागद.
सात किलोला फाडकन गेला.
दिवे फरशीवर पडूनही चालूच.
मुंजाजी गरड नावाचा त्यांचा म्होरक्या म्हणाला,
"सर, उद्घाटनापुरता होता."
आमच्या खात्यात हा फार वर गेला असता.
सादरीकरणाचे सतरा दिले.

तहसीनच्या गटाचा चौतीस किलोपर्यंत गेला.
तोवर लॅबची वजनं संपलेली,
शिपाई मोंढ्यातून पाच-पाच किलोची मापं घेऊन आला,
खाचांत सोयाबीनची धूळ.

मग सत्वशीला कच्छवे, गाव मानवत.
पूल काळपट, सांध्यांवर डिंकाचे थेंब वाळलेले.
"बाभळीचा हाय सर. मायनं बांधावरून काढून देला."
मी बादली अडकवली तेव्हा म्हणाली,
"तीस पेलंल. त्याच्या पुढं हितून जाईल."
आणि एका काडीवर बोट ठेवलं.

"कामून?"

"ती आधीच चिरलेली हाय.
काड्या मोजून तीनशेच देल्त्या सर. टाकून कशी द्यावी?"

पंचवीस. तीस.
शेडमध्ये फक्त पंख्याची कुरकुर.
एकतीस, आणि वाळला घाटा फुटावा
एवढासा आवाज.
तिथूनच.
तिनं मान हलवली,
एसटी वेळेवर आल्यासारखी.

शहाण्णव साल. सेलूच्या अलीकडचा ओढा,
त्यावर तीन गाळ्यांचा पूल.
दुसऱ्या खांबाची वाळू मी मुठीत चोळून पाहिली होती.
तळव्याला माती राहिली.
शुक्रवार, दिवस कललेला,
ठेकेदाराचा माणूस चहाचा थर्मास घेऊन उभा.
मी ओढ्यात हात धुतले
आणि मोजमाप वहीत लिहिलं: काम समाधानकारक.

पूल अजून उभा आहे. दिवसाला कितीतरी गाड्या जातात.
काहीच झालं नाही.
एवढंच, की त्यावरून जाताना
मी बोलत असलो तर बोलणं थांबवतो.
बायकोला वाटतं, देवाचं नाव घेतो.

बेरीज केली. तहसीन पहिली, तीन गुणांनी.
भार तो भार, त्यात मला फिरवाफिरवी करता येत नाही,
करायचीही नव्हती.
सत्वशीलाच्या नावापुढं, बोटभर जागेत लिहिलं:
कुठून मोडेल ते माहीत होतं. आधी सांगितलं.

संयोजक सरांनी वाकून वाचलं.
"साहेब, इथं नुसतं 'प्रयत्न चांगला' लिहितात."
मी पेनाला टोपण लावलं.

शाल दिली, नारळ दिला, पिशवीत एक रोप.
परतीच्या गाडीत शेजारी एक दूधवाला,
मोकळे कॅन पायांत धरून.
"कशाचं रोप हाय, काका?"
तेवढ्यात ओढा आला.

खडखडत गाडी पलीकडे गेली.
तो अजून माझ्याकडेच बघत होता.

"कडुलिंबाचं," म्हणालो.