हेल्मेटला हेल्मेट

ब्रेक दाबला की टक्.
त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर.
सिडकोतून निघाल्यापासून मोजतोय तो,
गिरणाऱ्यापर्यंत एकेचाळीस.
"आई, स्पीडब्रेकरचे वेगळे धरायचे का?"
वेगळे धर, म्हटलं.

स्प्लेंडर दुसऱ्या हाताची नाही, तिसऱ्या.
सातपूरला माझ्या शिफ्टमधल्या कदमांकडून घेतली,
त्यांनी त्यांच्या मेव्हण्याकडून.
दोन्ही बाजूंना खताच्या गोण्या शिवून केलेल्या पिशव्या,
डावीकडे तंबू, उजवीकडे तवा, पोहे, कांदे,
आणि निमिषची गणिताची वही,
जी उघडणार नाही हे दोघांनाही ठाऊक.

गिरणाऱ्यात टोमॅटोच्या क्रेटांनी रस्ता अडलेला.
पिकअपवाल्याने वाट करून देताना विचारलं,
"मिस्टर मागून येतायत?"
मागून हाच येतोय, मी म्हटलं.
टक्.

वाघेऱ्याच्या घाटात तो वळणाच्या उलट झुकतो,
जणू गाडी पडू न देणं ही त्याची एकट्याची ड्युटी.
मी काही बोलत नाही.
मीही अशीच शिकले, सदतिसाव्या वर्षी,
पाटाकडेच्या रिकाम्या प्लॉटवर, रात्री नऊनंतर,
कुणी बघू नये म्हणून दिवा न लावता,
आणि खांबाला धडकले.

तळ्याकाठी पोचलो, तंबू उलगडला.
काठ्या नव्हत्या.
काठ्या घरी, दाराशी, चपलांच्या शेजारी उभ्या,
विसरू नये म्हणून.

तो इतका हसला की कापलेल्या नागलीच्या शेतात खाली बसला
आणि बूड टोचलं म्हणून पुन्हा उठला.
मग दोरीचं एक टोक हँडलला,
दुसरं ऐनाच्या झाडाला.
मध्ये तंबू, ओल्या गोधडीसारखा लोंबता.

भारा घेऊन चाललेले मंगळू भोये थांबले.
गाडी पाहिली. तंबू पाहिला. मला पाहिलं.
"घर नाही का?"
आहे.
"मग?"
मला उत्तर सुचेना.
निमिष म्हणाला, "आईला सुट्टी आहे."
हे त्यांना पटलं.
अंधार पडताना पेंढा आणून टाकला त्यांनी,
भुई गार असते म्हणाले,
आणि दोन भाकरी, फडक्यात, अजून गरम.

रात्री गाडी करकरत होती, इंजिन निवताना.
"गाडीला थंडी वाजते?"
वाजते. सकाळी चोक द्यावा लागतो.
"मलाही दे मग."
पाय माझ्या पोटात खुपसून, जरा वेळाने,
"बाबांना कळवलंस?"
कळवलं.
"काय म्हणाले पुण्याहून?"
म्हणाले, काठ्या विसरू नका.
मेसेज कालचा होता, मी आत्ता वाचला.
तंबू हलला दोघांच्या हसण्याने,
हँडलही हललं, आरसा हलला,
आरशातल्या चांदण्या इकडच्या तिकडे.
हसणं थांबल्यावर तो काही बोलला नाही.
मीही नाही.

सकाळी धुक्यात दोघांनी मिळून किक मारली,
त्याचा बूट माझ्या बुटावर.
सातव्या किकेला लागली.

परत येताना घाट उतरलो.
टक् नाही.
गिरणारे गेलं, द्राक्षांचे मांडव गेले, गंगापूर गेलं,
वाटेत दोन बैलगाड्या आणि एक शहाणी म्हैस.
टक् नाही.
झोपला की काय, म्हणून हाक मारली.
"जागा आहे."
मग मोजत नाहीस?
"एकही झाला नाही. आता मला आधी कळतं.
तू दाबणार असलीस की तुझा खांदा हलतो."

दहा वर्षांचा आहे.
वळणावर माझ्याबरोबर झुकतो,
पाठीवर त्याचं वजनही येत नाही.
छान, म्हटलं. खरंच छानच होतं.

सिडकोच्या वळणाआधी रस्ता मोकळा.
खड्डा नाही, कुत्रं नाही, सिग्नल हिरवा.
मी खांदा अजिबात न हलवता
उगाच ब्रेक दाबला.

टक्.

"अगं! हा कशात धरायचा?"