तराजूचा रकाना

आठवी ब-साठी तक्ता करायचा होता.
नापतोल खात्याच्या जुन्या पावतीमागे
रेघा मारल्या : ग्रह, वजन, दिवस, वर्ष.
उदाहरणाला एक माणूस हवा होता
आणि नाना समोरच बसले होते,
सकाळीच एम. वाय.च्या काट्यावर
त्रेचाळीस भरलेले.

चंद्रावर सात किलो, मी म्हटलं.
'म्हणजे तू सहा महिन्यांची होतीस तेवढा.'
मंगळावर सोळा.
'बालवाडीत घालतील.'
गुरूवर एकशे सात.
नाना खूश. जन्मात कधी साठाच्या वर गेले नव्हते.
'तिथे मला उचलायला चौघं लागतील.'

मग आम्ही दोघंही थोडा वेळ
पावतीवरच्या शिक्क्याकडे बघत राहिलो.

गुरूवर उभं राहायला जमीनच नाही,
हे मी तळटीपेत घातलं.

वर्षांचा रकाना त्यांना तोंडपाठ निघाला.
'गुरूची बारा. त्यात काय शिकवायचं?
दर सिंहस्थाआधी उज्जैनचे हलवाई
आपले काटे घेऊन सियागंजात माझ्याकडेच यायचे.
सहा सिंहस्थ बघितले. पहिला मांडीवर बसून.'
म्हणजे गुरूच्या हिशेबानं नाना सहा वर्षांचे,
नुकते पहिलीत.
शनीची साडेएकोणतीस,
साडेसाती म्हणजे त्याच्या वर्षाचा एक पाव.
आईला जाऊन पंधरा झाली.
शनीला विचारलं तर म्हणेल,
सहामाहीच तर झालीय.

शुक्रापाशी मी अडले.
स्वतःभोवती फिरायला त्याला दोनशे त्रेचाळीस दिवस,
सूर्याभोवती फिरायला दोनशे पंचवीस.
वर्गातली तस्नीम हात वर करणार, मला माहीत होतं :
मॅडम, एक गिरकी पुरी व्हायच्या आत वर्ष संपलं,
तर वाढदिवसाचा केक कापायचा कधी?

तेवढ्यात नानांनी चष्मा लावला.
'हे सगळं तोललंस कशावर?'

कशावर म्हणजे?

'स्प्रिंगच्या काट्यावर ना? मग बरोबर आहे.
स्प्रिंग ओढ मोजते, माल नाही.
माझा तराजू ने मंगळावर.
एका पारड्यात मी, दुसऱ्यात त्रेचाळीस किलोची वजनं.
मी हलका झालो तर लोखंडही तितकंच हलकं होईल,
दांडी आडवी ती आडवीच.'
पन्नास वर्षं वजनांच्या बुडातल्या भोकात
रत्तीरत्तीनं शिसं भरलेला हात
हवेत आडवा धरून दाखवला त्यांनी.
किंचित थरथरत होता.

मग माझं पेन घेऊन, न विचारता,
तक्त्याच्या कडेला एक रकाना वाढवला : तराजू.
आणि बिलबुकातल्या त्या तिरक्या आकड्यांत
खालपर्यंत लिहीत गेले
४३
४३
४३
नेपच्यूनपर्यंत, जिथलं एक वर्ष
आपली एकशे पासष्ट वर्षं चालतं
आणि जिथे कुणाच्याही नातवाला
पहिला वाढदिवस बघता येणार नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीला पुन्हा गेलो.
तोच काटा, लाल आकड्यांचा.
नानांनी खिशातली किल्ली, चष्मा, बसची तिकिटं
सगळं खिशातच राहू दिलं.
त्यांनी आयुष्यात केलेली ही पहिली मापातली लबाडी
मी बघितली आणि बघितली नाही.
साडेबेचाळीस.

तक्ता अजून वर्गात लावलेला आहे.
मधल्या सुट्टीत, कुणी नसताना,
पृथ्वीच्या ओळीतले त्रेचाळीस खोडले
आणि पेन्सिलीनं, बारीक, साडेबेचाळीस लिहिले.

बाकीच्या ओळींना हात लावला नाही.