उंची भंगारात धरत नाहीत

मोहसीनशेठ काटा घेऊन आला, किलोचा भाव ठरलेला.
म्हणाला, मिस्त्री, एकूण किती भरेल?
मी म्हटलं, रूळ आणि खांब मिळून एकशे साठ टन,
शिवाय सव्वीस मीटर.
तो हसला.
उंची भंगारात धरत नाहीत.

अठरा वर्षं पहाटे मी हा चढ चढलो.
गोराईच्या खाडीवरून खारं वारं येऊन
रात्रीतून नटांना गंज चढवून जायचं.
हातोडीनं एकेक बोल्ट वाजवायचो.
घट्ट बोल्ट टणकन उत्तर देतो,
सैल बोल्ट जरा विचार करून.

शेठ, या गाडीला इंजिन नव्हतं.
साखळी तिला वर नेऊन सोडायची, बस्स.
खाली दातेरी पट्टी, कट् कट् कट्,
साखळी तुटलीच तर गाडी मागे येऊ नये म्हणून.
लोक नेमके त्याच आवाजाला घाबरायचे
जो त्यांना धरून होता.

माथ्यावर जेवढं हाती आलं तेवढ्यातच पुढचं भागवायचं,
एक तारखेच्या पगारासारखं:
दोन उड्या, एक वेढा, डावं वळण, फलाट.
दुसरा चढ पहिल्याहून ठेंगणाच लागतो,
कारण चाकं खातात, वारा खातो,
जानेवारीच्या सकाळी ग्रीस आळसावतं, तेही खातं.

आणि वेढा गोल नव्हता, नीट बघा.
थेंब उलटा धरावा तसा, वर आवळलेला, खाली सैल.
अचूक वर्तुळ काढलं असतं
तर तळाशी माणसाच्या मानेवर
त्याच्याच सहापट वजन बसलं असतं.
ज्यानं आखला त्याला मी कधी पाहिलं नाही.
पण कुठल्याशा टेबलावर वाकून
त्यानं अनोळखी मानांची काळजी केली होती.

नवी चाकं बसवली की आधी वाळूची पोती फिरवायचो,
दर सीटला पंचाहत्तर किलो, पट्टा लावून.
आमचा बेनी परेरा पोत्यांना सासुरवाडीची नावं द्यायचा.
एक पोतं वेढ्यात फाटलं,
तेव्हा म्हणाला, मेव्हणा शेवटी मोकळा बोलला.

महिन्यातून एका बुधवारी इंदुमती राऊळ यायच्या,
बोरिवलीच्या एका प्रसूतिगृहात आया,
एकट्या, नेहमी शेवटच्या डब्यात.
विचारलं त्यांनी, इथंच पोटात जास्त का कालवतं?
मी सांगितलं, पुढचे डबे आधी घसरतात,
त्यांच्या ओढीनं शेवटचा माथा वेगात ओलांडतो.
तेव्हा दीड सेकंद तुमचं वजन शून्य.
त्या थांबल्या.
"दीडच? मला वाटलं, जास्त असेल."
आणि पदर खोचून पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.

गावात किंकाळ्यांवर घड्याळं लागायची.
पहिली सव्वादहाला,
तेव्हा ताडगोळेवाली फिलू टोपली उचलायची.
कुणाच्या वाडीतून रस्ता गेला,
कुणाचा पोरगा तिकीटखिडकीत बसला,
त्यावरून एका घरातले दोन भाऊ
अजून एकमेकांच्या ताटाकडे बघत नाहीत.
बंद झालं त्या आठवड्यात फिलू म्हणाली,
कान दुखतात रे, इतकं काही ऐकू येत नाही.

आज माथ्यावर एक बगळा बसला होता.
गॅसकटर पेटला तरी हलला नाही,
ठिणगी पायाशी आली तेव्हा तिवरांकडे गेला.
मग क्रेननं तो तुकडा उचलला.
जरा वेळ तो हवेत तिथंच राहिला,
आणि सावकाश, वायररोपवरून,
खाली.

काट्यावर चारशे बारा किलो.
शेठनं वहीत लिहिलं, रेघ मारली.
मी क्रेनपाशी गेलो.
सव्वीस मीटर गेले कुठे म्हणून
ब्रेकच्या ड्रमला हात लावला.
चटका बसला.