खिडकीवाले लिफाफे

गुरुवारी धुकं उठलं
आणि नऊ दिवसांनी विमान उतरलं.
डायपर, कांदे, कुणाच्या तरी ट्रकचा गिअरबॉक्स,
माझ्या वाट्याला टपालाच्या तीन थैल्या.
दुसरीत, रबरबँड घातलेले,
एकाच मापाचे अकरा लिफाफे.
प्रत्येकाला खिडकी. खिडकीत नाव.

या बेटावर झाड नाही एकही.
वाऱ्याला आडोसा नाही, बातमीलाही नाही.
गठ्ठा सोडायच्या आत अग्राफिना दारात,
गमबुटांवर ओली वाळू:
"आले म्हणे?"

आले.
अर्जाला तीन वर्षं आणि चार महिने झाल्यावर.
घोडं आलं बाई,
वरात केव्हाच पांगली.

खेकडे गेले.
गेले म्हणजे काय, ते आम्हाला अजून नीट सांगता येत नाही.
एका हंगामात पिंजरा उलटा केला की
डेकभर नुसता खडखडाट,
शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही.
पुढच्या हंगामात तोच पिंजरा, तीच खोली,
वर आला तर आत एक तारामासा
आणि आमिष जसंच्या तसं.
मुख्य भूमीवरून एक शास्त्रज्ञ बाई आल्या,
शाळेच्या जिममध्ये चादर टांगून आलेख दाखवला:
पाणी तापलं, तापल्या पाण्यात भूक वाढते,
खाणं वाढत नाही.
मागच्या खुर्चीवरून फेओफान म्हणाला,
"उपाशी मेले. सरळ सांगा ना."
बाईंनी एकदा चादरीकडे पाहिलं
आणि "हो" म्हणाल्या.

मग अर्ज. सतरा पानी.
याच काउंटरवर, रात्री शटर ओढून,
मी सहा जणांचे भरले, माझं अक्षर बरं म्हणून.
मागच्या पाच वर्षांत किती पकडले?
याला उत्तर होतं, पावत्याही होत्या, माशाच्या वासाच्या.
चालू वर्षी किती पकडता आले नाहीत?
इथे पेन थांबलं.
फेओफान बराच वेळ आपल्या पंजाकडे बघत बसला,
बोटं मोजतोय असं वाटावं इतका वेळ.

अग्राफिनाला होडी नाही, परवाना नाही.
बावीस वर्षं कारखान्यात उभी राहून
खेकड्यांचे पाय सुटे केले तिनं.
तिच्यासाठी रकाना नव्हता.
"इतर" असं होतं, त्यापुढे बोटभर जागा.
काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "हात लिही."
मी "प्रक्रिया कामगार" लिहिलं.
अजून टोचतं ते.

अकरा नावं.
तिचं त्यात नाही. मी गठ्ठा दोनदा चाळला,
तिच्यासमोर, म्हणजे तिला पुन्हा विचारावं लागू नये.
"असू दे," ती म्हणाली, आणि कांद्यांचा भाव विचारला.

पेटी चौदा बंद आहे.
इनोकेंती आता अँकरेजच्या विमानतळावर
रात्रपाळीत सामान चढवतो.
ही थैलीसुद्धा त्यानंच उचलली असेल,
स्वतःचा चेक खांद्यावर घेऊन.
पेटी बावीस बंद.
ती दोन मुलं गेल्यापासून
सातवीच्या वर्गात एक बाक आणि एक पोरगी.
फेओफाननं लिफाफा दुकानातच फोडला,
डिझेलची उधारी चुकती केली, उरलं ते मोजलं नाही.

पेटी नऊ. व्लास.
होडी विकली त्यानं वाट बघता बघता,
मग वाट बघणंही सोडलं.
चर्चमागे टेकडीवर त्याचा क्रॉस आहे,
बार्जनं आलेल्या लाकडाचा,
रंग अजून दुसऱ्यांदा लावावा लागलेला नाही.

नियम साधा आहे:
घेणारा नसेल तर शिक्का मारून परत पाठवायचं,
पुढच्याच विमानानं.
शिक्का माझ्या खणात आहे, शाई ताजी आहे.
विमान शनिवारी.

शुक्रवारी संध्याकाळी दक्षिणेकडून
धुकं पुन्हा चढू लागलं,
आधी धक्का गेला, मग कारखान्याचं छप्पर,
मग टेकडी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी खिडकीत उभी राहून त्याला म्हटलं,
ये, ये, आणखी ये.