शेवटचे चाळीस पत्ते

व्यापाऱ्यानं पाठवलेलं चित्र नायनांनी
चहाच्या कपाखालून ओढून काढलं.
विलायती पुस्तकातलं, कुठल्याशा जुन्या राजवटीचं:
लोखंडात शिवलेला शिलेदार,
तोंडाला फेस आलेला घोडा, लांबवर बुरूज,
आणि कोपऱ्यात, पटकन दिसू नये असं,
बंद दार. दाराशी विझलेली मशाल.

"खाली काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.
मी सातवीत. डिक्शनरी घेऊन बसले.
उशीर झाला म्हणतात, मी सांगितलं.
तो पोचतो तेव्हा राजा गेलेला असतो.
राणीनं केस कापलेत. ती आता कुणालाच भेटत नाही.

साखर पेठेत दुपारी चारला पत्रे तापून वाजतात,
भिंतीपलीकडे माग धडधडतात,
त्यामुळे आमच्याकडे प्रेमानंसुद्धा ओरडूनच बोलतात.
नायना हळू बोलले. मला ओठ वाचावे लागले.
"ह्याच्याखाली कोण झोपणार गं?"

दोन हजार चारशे पत्ते.
एका पत्त्याला कापडातली एक ओळ.
भोक पाडलं की धागा उठतो,
नाही पाडलं की खाली राहतो,
राजांचं उठणं-पडणं एवढंच.

रविवारी मला भुईकोट किल्ल्यात नेलं.
"हा आंदणात बोललेला किल्ला," ते म्हणाले.
"लग्नं लागली. नगारे वाजले.
साठा उत्तरांची कहाणी झाली सुफळ संपूर्ण.
मग किल्ला दिला की नाही दिला,
यावरून दोन्ही घरांनी एकमेकांची माणसं कापली."
"म्हणजे सुखाचा शेवट खोटाच?"
नायना शेंगा सोलत होते. टरफलं खिशात ठेवत होते.
"खोटा कसा? त्या दिवशी
कुणीतरी पोटभर जेवलंच असेल की."

त्या रात्री त्यांनी माळेतले शेवटचे चाळीस पत्ते उसवले.
दार उघडायला बत्तीस धागे लागले,
मशाल पेटवायला नऊ.
राणीच्या केसांना जागा पुरेना, तिला पदर दिला
आमच्या आत्याच्या वळणाचा.
राजा मात्र काही केल्या मापात बसेना.
दोनदा मांडला, दोनदा खोडला.
शेवटी दारातून नुसतं एक ताट दिसतं,
त्यात कडक भाकऱ्यांची चळत.
म्हणजे आत कुणीतरी आहे. जेवायचं थांबलंय.

मग शेवटचा पत्ता पहिल्याला शिवला.
शिवावाच लागतो, नाहीतर माग अडतो.
तर पोचला, की निघाला पुन्हा, तोच घोडा, तोच फेस.
यावर मी काही विचारलं नाही.

माल परत आला. "चित्र चुकलंय," एवढीच चिठ्ठी.
एकशे दहा चादरी.
काही सोयऱ्यांत गेल्या, काही उधारीत,
काही गड्ड्याच्या जत्रेत, ढिगातल्या भावानं.
नायनांनी त्यानंतर फक्त फुलं काढली,
फुलांना कोणी शेवट विचारत नाही.

आता हे, परवाचं.
सिव्हिलच्या व्हरांड्यात, वॉर्डाबाहेर,
फरशीवर एक मुलगा झोपलेला. अंगावर ती चादर.
तीस वर्षं धुतलेली, पण मी ओळखली. उलटी पांघरलेली.
आपल्या चादरीला दोन्ही बाजूंनी चित्र असतं, रंग तेवढे फिरतात.
सुलट्या बाजूला उजेडाचं दार,
उलट्या बाजूला तेच दार काळंभोर,
मशाल म्हणजे एक भोक.
नायनांना हे माहीत असणारच. बोलले नव्हते कधी.

मी वाकले. कोपरा उलटावा म्हणून हात पुढे केला,
आणि थांबले. कोण त्याचं आत होतं, मला काय ठाऊक?
ट्यूबलाइट फडफडत होती.
आतून नर्सनं कुणाचं तरी नाव पुकारलं, त्याचं नसावं.
त्यानं झोपेतच पाय झाडला, कूस बदलली,
चादर आपसूक वळली,
आणि भाकऱ्यांचं ताट
त्याच्या हनुवटीशी आलं.