शेरा

उम्म अल क्वैनच्या खाडीत, तिवरांच्या कडेला
पिवळा बोया, क्रमांक सात,
दर पंधरा मिनिटांनी पाण्याची खबर धाडतो:
क्षारता बेचाळीस, तापमान चौतीस,
गढूळपणा नाहीच म्हणा.

काल रात्री प्राणवायू उतरत गेला.
चार. तीन. दीड.
फोन उशाशी कोकलत राहिला.
साहेबांचा मेल: खाडी गुदमरतेय का?

पहाटे सलीमुल्लानं होडी काढली.
ओहोटी. चिखलात फ्लेमिंगो, निवांत.
एकही मासा उताणा नव्हता.

बोया वर ओढला. जाळीच्या टोपणात
शेवाळ, दोन कालवं,
आणि सेन्सरच्या डोळ्याला अंग टेकून
बोराएवढी कुर्ली.
शिरली तेव्हा लहान असणार,
आता भोकातून निघेना.
रात्रभर तेवढ्याच पाण्यात श्वास घेत होती.
तो दीड तिचा होता.

देवबागच्या पुळणीवर असल्या कुर्ल्या
आम्ही पायानं उडवायचो.
इथं तिच्यासाठी चार स्क्रू सैल केले,
एक गंजलेला, तो हट्टानं बसून.
सलीमुल्ला म्हणाला, सोड, ऊन चढतंय.

फॉर्मवर रकाना: बिघाडाचं कारण.
लिहिलं, 'सेन्सर अस्वच्छ.'
मग खाली, शेऱ्याच्या अरुंद ओळीत,
'आत कोणी होतं.'