उमरग्याच्या लॅबमध्ये, माझ्याच गुडघ्यातलं पाणी

अझीमभाईंनी सिरिंज उजेडात धरली.
पाणी गढूळ, पिवळसर,
डाळीच्या धुवणासारखं.
"मॅडम, हे तुम्ही बघू नका," म्हणाले,
"लातूरला पाठवू."
चोवीस वर्षं लोकांचं रक्त वाचलं मी,
स्वतःच्या वेळी डोळे झाकू?

लीशमनचा रंग चढवला, काच धुतली,
भिंगाखाली सरकवली
तर आत बाजार भरलेला.

न्यूट्रोफिल, तीन-तीन पाकळ्यांचे जांभळे जीव,
एखाद्या दिवसाचं आयुष्य.
रोज नवे येतात माझ्यात, रोज मरतात.
त्यांच्यामागे मॅक्रोफेज, पोट फुगलेले,
मेलेल्यांना गिळणारे
आणि गिळता गिळता हाळी देणारे,
या, अजून या.
कडेला एक लिम्फोसाइट. लहान, गोल, गप्प.
याला जुनं सगळं आठवतं.

जंतू एकही नाही.
दुसरी काच केली, ग्रॅमचा रंग देऊन पाहिला.
गावभर पहारा, आणि चोरच नाही.

मोजायला बसले.
मोजणीच्या यंत्रावर अनामिका वाकेना,
सकाळचे दहा वाजेपर्यंत ती माझी नसतेच.
मग पेन्सिल मुठीत धरून
मागच्या टोकानं दाबत गेले कळा.
टक्. टक्. टक्.

आवाज ओळखीचा निघाला.

भूकंपानंतर बानं
शेडच्या दाराला तीन जर्मनची पातेली टांगली होती,
सुतळीनं, जवळजवळ.
हाललं की वाजायची. वाजली की पळायचं.
त्या पहाटे वाजायला काहीच नव्हतं,
म्हणून धाकटा आत राहिला.
आता वर नुसता पत्रा, अंगावर पडावं असं काही नाही,
तरी मांजर गेलं, वाजली.
वारं सुटलं, वाजली.
हैदराबादकडं जड ट्रक गेला, वाजली,
आणि बा दंडाला धरून आम्हाला अंगणात ओढायचा.
एका रात्री ओढता ओढता
माझं मनगट निखळलं त्याच्या हातात.
मग उजाडेपर्यंत तेच मनगट मांडीवर घेऊन बसला,
हळद गरम करून लावत.
"कामून वढता पोरीला," आई म्हणाली,
"आता काय पडायचं ऱ्हायलंय?"
बा म्हणाला,
"तवा बी आसंच वाटलं व्हतं."

डॉक्टर लोहारेकर सांगतात,
तुमचंच सैन्य उलटलंय तुमच्यावर.
मान डोलावली मी. पटलं नाही.
एवढी काच पाहिली, कुठं वैर दिसलं नाही.
दिसली ती घाई,
आणि अंधारात दंड शोधणारे हात.

रविवारच्या रविवारी पिवळ्या गोळ्या, सहा.
त्या कुणाची समजूत काढत नाहीत.
आईनं एकदा पातेल्यांत चिंध्या कोंबल्या होत्या
बाला न सांगता, तसलंच काहीसं.
बा घोरला त्या रात्री, किती महिन्यांनी.
पण आई?
ती उंबऱ्यावर बसून राहिली,
तळवा जमिनीला टेकवून.
खरंच हाललं असतं तर
कळायला कुणीतरी हवं.

तशी मीही आता
रोज संध्याकाळी कपाळाला हात लावून बघते.
साधा खोकला आला तरी
चिंध्यांची आठवण येते.

"किती आल्या?" अझीमभाईंनी दारातून विचारलं.
"अठरा हजार."
ते काही बोलले नाहीत. चहाचं बघतो म्हणाले.

रिपोर्टवर नाव लिहिलं, माझंच.
वय चव्वेचाळीस.
जंतू आढळले नाहीत, लिहिताना
अक्षर जरा वाकडं आलं,
तेवढं चालतं लोकांना.
खाली सही करायची होती तपासणाऱ्याची.
पेन बोटांत बसेना.
दहाला अजून वीस मिनिटं होती.